वर्षीची वही : कोकणातल्या एका मशिदीत दहा माणसं परत कशी जमायला लागली

हे प्रकरण २०२२ च्या पावसाळ्यातलं आहे. त्यानंतर आजूबाजूच्या तीन गावांतल्या लोकांनी मला फोन करून विचारलं की तुमच्याकडे नेमकं काय केलंत, तर प्रत्येकाला अर्धा अर्धा तास सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढते. गावाचं आणि माणसांची नावं मुद्दाम देत नाहीये, रायगड जिल्ह्यातलं गाव एवढं पुरे, आमच्यातल्यांना लगेच कळेल आणि बाकीच्यांना नावानं काही फरक पडत नाही.

आमच्यातले नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडंसं. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले मराठी ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावात शनवार तेली म्हणायचे ते आमचेच पूर्वज. सिनेगॉगला आमची जुनी माणसं मशीदच म्हणतात, मी पण तेच म्हणते, त्यामुळे पुढे मशीद वाचलं की सिनेगॉग समजा. मुंबईत आमची पहिली मशीद १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधली, आणि मस्जिद स्टेशनचं नाव तिच्यावरूनच पडलं असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. आता महत्त्वाची गोष्ट ही की आमच्यात राब्बाय म्हणजे धर्मगुरू वगैरे कधी फारसे नव्हतेच, मशिदी चालवल्या त्या साध्या घरसंसारी माणसांनी. मुकादम म्हणजे प्रमुख, त्याच्या जोडीला चौघुले, पैसे बघायला गबाई, प्रार्थना चालवायला हज्जान आणि दिवाबत्ती झाडलोट बघायला समाश. ट्रस्ट झाल्यावर मुकादमाचा चेअरमन झाला, गबाईचा खजिनदार झाला, आणि बहुतेक ठिकाणी सगळं काम येऊन पडलं ते सेक्रेटरीवर, बिनपगारी.

दुसरी गोष्ट मिन्यान. तेरा वर्षांवरचे दहा पुरुष जमले तर मिन्यान झाला. नाही जमले तर प्रार्थना करता येते पण तोरा, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाची गुंडाळी, बाहेर काढून वाचता येत नाही, कादिश म्हणता येत नाही. म्हणजे ज्याचे वडील गेलेत त्याला वडिलांसाठी जे म्हणायचंय ते नऊ माणसांत म्हणता येत नाही. हे ज्याच्यावर आलंय त्यालाच कळतं.

परिस्थिती काय होती

आमच्या गावात आता कायमची राहणारी आमची तीन घरं. माझ्या आजीच्या लहानपणी तिथे अख्खी इस्राएल आळी होती. १९४८ नंतर लोक इस्रायलला जायला लागले, आज आमच्याच आळीतले लोक अश्दोद, दिमोना, लोद, बेर शेवा असे पसरलेत, आणि जे इथे राहिले ते मुंबई, ठाणे, पनवेलला. पूर्ण भारतात मिळून आता चार-साडेचार हजार ज्यू असतील. पण मशीद उभी आहे, सेफेर तोरा आहे, छताला टांगलेले काचेचे दिवे आहेत, एलियाहू हानाबी या प्रेषिताची खुर्ची आहे, आणि आपल्या माणसांच्या कबरी तिथेच आहेत त्यामुळे ती बंद करायचा विचार कोणी बोलून पण दाखवत नाही.

ट्रस्टवर म्हणायला सात जण. पण त्यातले दोघे वारलेले, एक अश्दोदला मुलाकडे कायमचा गेलेला, चेअरमन मुंबईत आणि वय ८२, फक्त तिश्री महिन्यातल्या (सप्टेंबर-ऑक्टोबर) सणांना येणार. एक ठाण्याचे खजिनदार, एक मी (वर्षभरापूर्वी मीटिंगमध्ये घेतलेलं, पण माझं नाव पुढे धर्मादाय ऑफिसात लागलंच नव्हतं, ते नंतर कळलं), आणि सेक्रेटरी, ज्यांना मी इथे काका म्हणते कारण सगळेच त्यांना काका म्हणतात. काका पोस्टातून रिटायर झालेले, वय ७८, आणि २९ वर्षं सेक्रेटरी. किल्ली त्यांच्याकडे, पासबुक त्यांच्याकडे, हज्जानला बोलावणं, पोलीस स्टेशनला बंदोबस्ताचं पत्र देणं (२००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर आमच्याकडे हे लागतंच), बाहेरून येणाऱ्यांची मागच्या दोन खोल्यांत झोपायची सोय, लाइटबिल, कौलं चाळणं, सगळं एकटे काका. आणि खरं सांगते, ते इतकं व्यवस्थित करायचे की आम्हाला कोणाला हात लावायची गरजच कधी वाटली नाही. आम्ही येणार, चपला काढणार, आत जाऊन बसणार, किद्दूशला मनुकांचं सरबत पिणार, आणि काकांना दोनपाचशे रुपये देणगी देऊन संध्याकाळी घरी. हे मी आता लिहिताना मला लाज वाटते पण तसंच होतं.

त्यात कोविड. २०२० आणि २०२१ दोन्ही वर्षी तिश्रीच्या सणांना महाराष्ट्रात सगळी प्रार्थनास्थळं बंद होती, २०२१ ला तर ७ ऑक्टोबरला उघडली आणि आमचा योम किप्पूर त्याआधीच १६ सप्टेंबरला होऊन गेला होता. म्हणजे सलग दोन वर्षं नव्याचा सण आणि दारफळणीचा सण घरात, मोबाईलवर. तीन वर्षांनी पहिल्यांदा २०२२ ला सगळे परत एकत्र येणार होते. रोश हशाना, म्हणजे आमचा नव्याचा सण, २५ सप्टेंबरच्या संध्याकाळी सुरू.

आणि ८ ऑगस्टला, बिरड्याच्या सणाच्या (तिशा बआव, आमचा शोकाचा उपास) दुसऱ्या दिवशी सकाळी, काका मशिदीच्या मागच्या अंगणात शेवाळावरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं.

पहिले तीन आठवडे

ऑपरेशन पनवेलला झालं. आम्ही सगळे हॉस्पिटलमध्ये भेटायला गेलो, डबे वगैरे दिले, आणि मग चौथ्या दिवशी खजिनदारांनी मला बाहेर कॉरिडॉरमध्ये थांबवून विचारलं की लाइटबिल कोण भरतंय. मला माहीत नव्हतं. त्यांना पण माहीत नव्हतं. तिथून एकेक गोष्ट निघायला लागली.

बँकेत खातं तिघांच्या नावावर, त्यातल्या कुठल्याही दोघांच्या सह्या लागायच्या. तिघांपैकी एक वारलेले, एक अश्दोदला, एक काका. म्हणजे खात्यात पैसे होते आणि एक रुपया काढता येत नव्हता. सह्या बदलायला बँकेला पीटीआरचा, म्हणजे धर्मादाय ऑफिसातल्या ट्रस्ट नोंदवहीचा, उतारा हवा, तो काढला तर त्यावर दोन्ही वारलेले ट्रस्टी अजून जिवंत! ट्रस्टी बदलला की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, तो बारा वर्षांत एकदाही दिलेला नव्हता. यात काकांची चूक आहेच, ती झाकायची नाही, पण बाकी आम्ही जे जे मिनिट बुकात सही करत होतो त्यातल्या एकानंही विचारलं नव्हतं हेही तितकंच खरं.

पैशाचं मग आपापल्या खिशातून निभावलं, ते फार कठीण नव्हतं. कठीण होतं ते माणसं जमवणं. तिश्रीच्या आधी एलूल महिन्यात सलीखोथ, म्हणजे क्षमा मागायच्या प्रार्थना, म्हणतात, त्याआधी एकदा सगळ्यांना बोलावून बघू, गाडी सुरू होते का बघू, असं ठरवून आम्ही २० ऑगस्टचा शब्बाथ, म्हणजे शनिवार, धरला. ऐरोलीला आयटीत काम करणारा एक २६ वर्षांचा मुलगा आहे, अतिशय गुणी, त्यानं व्हॉट्सअॅप ग्रूप केला, ६१ जण टाकले, पोल टाकला, गूगल शीट केली, कोण कुठल्या गाडीत बसणार तेसुद्धा. २३ जणांनी येतो म्हणून अंगठा दिला.

आले सहा पुरुष आणि चार बायका.

हज्जान मुंबईहून आदल्या दिवशी येऊन राहिले होते. साडेनऊपर्यंत वाट बघितली, मग त्यांनी काही न बोलता सुरुवात केली, तोरा हेखालातच, म्हणजे तिच्या कपाटातच, राहिली. आईची वर्षी, म्हणजे पुण्यतिथी, आहे म्हणून एक गृहस्थ डोंबिवलीहून आले होते, ते शेवटपर्यंत दाराकडे बघत होते. परत जाताना त्यांनी मला एवढंच विचारलं, "काकांच्या वेळी तर व्हायचं ना?"

व्हायचं. तेच तर आम्हाला कळत नव्हतं. काकांकडे ग्रूप नव्हता, स्मार्टफोन होता पण त्यावर ते फक्त नातवाचे फोटो बघायचे. तरी महिन्यातून एकदा दहा-बारा पुरुष यायचे म्हणजे यायचे.

वही

हे ज्यांच्यामुळे कळलं त्या आमच्या समाजाच्या नाहीत, त्यामुळे त्यांचं सविस्तर लिहिते. मशिदीच्या शेजारी एक आगरी कुटुंब राहतं. त्यातल्या मावशी गेली वीस-बावीस वर्षं मशीद झाडतात, दिव्यांच्या काचा पुसतात, खोबरेल तेल घालतात, शब्बाथ कधी लागतो आणि कधी सुटतो ते त्यांना आमच्या पोरांपेक्षा जास्त चांगलं कळतं. त्या शनिवारी सगळे गेल्यावर मी पायरीवर बसले होते, खरं तर रडतच होते, तर मावशी बाजूला येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "तुमी त्या मोबाईलवर काय करता ता माना नाय ठाव, काका तं ती वही घेऊन हतंच बसाचे. रोज सांजचे. एक एक फोन लावाचे."

कुठली वही? मावशी उठून आत गेल्या आणि तेब्याच्या (प्रार्थना चालवायचा चौथरा) खालच्या कपाटातून, जिथे जुन्या फाटक्या प्रार्थनेच्या पोथ्या ठेवतो तिथून, पोस्टाची एक लांबडी जाड पुठ्ठ्याची वही काढून आणली.

ती वही मी त्या रात्री तिथेच बसून वाचली. वरती हिब्रू महिने, तिश्री, हेश्वान, किस्लेव असे, प्रत्येक महिन्याला तीनचार पानं. डाव्या बाजूला तारीख, मग गेलेल्या माणसाचं नाव, कुठल्या घरातला, मग मुलांची नावं, राहतात कुठे, फोन नंबर, नंबर बदलला की खोडून दुसरा. आणि उजव्या बाजूला बारीक अक्षरात शेरे. "शनिवारी ड्युटी, महिनाभर आधी सांगणे." "भावाशी बोलत नाही, दोघांना वेगळे सांगणे." "गाडी नाही, पनवेलहून अमक्याने आणावे." "येत नाही पण फोन केलेला आवडतो." एका नावापुढे लिहिलं होतं, "२००९ पासून आला नाही. तरी करणे."

म्हणजे काका मिन्यानसाठी कोणाला बोलवतच नव्हते. ते वर्षीला बोलवत होते. ज्या महिन्यात ज्याचे आईवडील गेले त्याला तीनेक आठवडे आधी फोन, की तुझ्या बाबांची वर्षी येतेय, अमक्या शनिवारी आपण हश्काबा (गेलेल्यांसाठीची प्रार्थना) करू, येतोस ना. एका शनिवारच्या आजूबाजूच्या चारपाच वर्ष्या ते एकत्र बांधायचे, मग त्या चारपाच घरांतून आपोआप दहा-बारा पुरुष निघायचे. यातल्या निम्म्या लोकांना हिब्रू तारीख स्वतःला माहीतच नसते, इंग्रजी तारखेने आठवतं, आणि ती दरवर्षी सरकते. ते सरकवायचं काम काका दरवर्षी नव्या कॅलेंडरवरून हाताने करायचे, २१४ नावांचं. मी मोजली.

मला वाटतं आमच्या ग्रूपची चूक इथे होती. आम्ही सगळ्यांना एकदम विचारलं की कोण येणार, तर प्रत्येकाला वाटलं बाकीचे जातीलच. काका एकेकाला सांगायचे की तुझ्या बापासाठी नऊ माणसं येणार आहेत, तू दहावा. त्यावर माणूस नाही म्हणू शकत नाही, आणि म्हणाला तरी त्याला ते आठवडाभर टोचत राहतं.

वाद दोन झाले

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन हॉस्पिटलमध्ये गेले. मला वाटलं होतं काका खूश होतील. काकांनी वही बघितली आणि तोंड भिंतीकडे केलं. पाच मिनिटांनी म्हणाले, "ठेव जागेवर. मी येईन तेव्हा करीन." मी म्हटलं काका, डॉक्टर तीन महिने म्हणतायत आणि सण पाच आठवड्यांवर आलाय. तर म्हणाले, मग यंदा राहू दे.

मला राग आला, खूप. बाहेर येऊन मी खजिनदारांना म्हटलं की हे माणूस मशीद स्वतःच्या घरची समजतं. पण काकी तिथेच उभ्या होत्या, त्यांनी ऐकलं. त्या म्हणाल्या, "समजतातच. तुम्ही कोणी समजला असतात तर त्यांना एकट्यानं समजावं लागलं नसतं." याच्यावर मला आजही उत्तर नाही.

मग आम्ही एक गोष्ट बरोबर केली, जी मी प्रत्येक कमिटीला सांगते. आम्ही वही मागितली नाही, काकांनाच काम दिलं. ऐरोलीचा तो मुलगा रोज संध्याकाळी सात वाजता काकांना व्हिडिओ कॉल करायचा, समोर वही उघडून धरायचा, आणि विचारायचा, काका एलूलची यादी, पहिलं नाव, ह्यांना काय सांगू? काका बिछान्यातून सांगायचे, ह्याला असं सांग, त्याच्या बायकोला आधी नमस्कार कर, ती चिडते. मग तो मुलगा काकांच्या समोरच फोन लावायचा. दोन दिवसांनी काका म्हणाले, दे मी बोलतो. आठवड्यानं त्यांना आमचे फोन उशिरा आले तर काकींचा फोन यायचा की आज का नाही. वहीतल्या शेऱ्यांपैकी निम्मे शेरे त्या मुलाला तोंडी कळले, जे लिहिलेले नव्हते, आणि ते त्यानं शीटमध्ये नाही टाकले, हे त्याचं मला फार कौतुक वाटलं. कोणाचं कोणाशी पटत नाही हे ६१ जणांच्या ग्रूपवर जायची गोष्ट नाही.

१० सप्टेंबरच्या शनिवारी, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, १४ पुरुष आले. हायवेवर चाकरमान्यांच्या परतीची गर्दी असून आले. डोंबिवलीच्या त्या गृहस्थांना आम्ही परत बोलावलं होतं, त्यांनी कादिश म्हटलं.

दुसरा वाद बायकांचा. माझ्या भाचीनं, वय २३, मीटिंगमध्ये सरळ विचारलं की त्या २० तारखेला सहा पुरुष आणि चार बायका होत्या, म्हणजे दहा होते की! दिल्लीच्या जुदाह हयाम सिनेगॉगमध्ये बायकांना मिन्यानमध्ये धरतात, तिथे माणसं कमी आहेत म्हणून त्यांनी हा निर्णय घेतला, मग आपण का नाही? खोलीत शांतता. हज्जान अतिशय सभ्य माणूस, ते म्हणाले की तुम्ही धरलंत तर मी तुम्हाला चूक म्हणणार नाही पण मला तिथे उभं राहून प्रार्थना चालवता येणार नाही. चेअरमन म्हणाले आपल्या वाडवडिलांनी नाही धरलं. एक जण म्हणाले की आमच्या पोरांची लग्नं इस्रायलमध्ये होतात, तिकडे कोणी बोट ठेवायला नको. हे ऐकून बाहेरच्यांना विचित्र वाटेल, पण १९६० च्या दशकात तिकडे बेने इस्राएल अस्सल ज्यू आहेत की नाही यावरून केवढं रान उठलं होतं, आमच्या माणसांना आंदोलन करावं लागलं, १९६४ साली ते मिटलं. ती भीती घराघरात अजून आहे.

मी भाचीच्या बाजूची आहे, हे स्पष्ट लिहिते. पण मी त्या मीटिंगमध्ये मत टाकायला लावलं नाही. कारण मतदानात कदाचित आम्ही जिंकलो असतो आणि हज्जान गमावला असता, आणि चारपाच घरं पण. ते सोडलं, मात्र त्या बदल्यात दुसरं मागितलं आणि ते घेतल्याशिवाय उठले नाही. ट्रस्टच्या जुन्या नियमात सभासद म्हणजे "कुटुंबातील कर्ता पुरुष" असं होतं. सणाला अख्खी रात्र उभं राहून हलवा ढवळतात बायका, मलिद्याचे पोहे भिजवण्यापासून खोबरं खवण्यापर्यंत बायका, बाहेरून आलेल्यांची अंथरुणं बायका, आणि हिशोब विचारायचा हक्क कर्त्या पुरुषाला. ते बदलायचं ठरलं, अठरा वर्षांवरचा प्रत्येक जण सभासद, आणि ट्रस्टींमध्ये किमान तीन बायका. भाचीला हे कमी वाटलं. तिला तसं वाटायलाच हवं.

सणाचे दिवस

रोश हशाना त्या वर्षी २६ सप्टेंबरला, नेमका घटस्थापनेच्या दिवशी. आमचा महिना पण अमावास्येनंतरच सुरू होतो, त्यामुळे अधिक महिन्याचा हिशोब जुळला की आमची तिश्री आणि अश्विन बरोबर चालतात. गावात एकीकडे घट बसत होते, आमच्याकडे शोफार, म्हणजे शिंग, वाजला. पहिल्या दिवशी १७ पुरुष. आदल्या रात्री चिकाच्या हलव्याचं मोठं पातेलं मागच्या अंगणात चुलीवर होतं, गव्हाचा चीक आणि नारळाचं दूध, तळाला लागू नये म्हणून साडेतीन तास हात थांबवायचा नाही, आळीपाळीनं सात जणी, आणि त्यात पहिल्यांदाच दोन पोरगे पण होते, एकाच्या हाताला फोड आला तो त्यानं सगळ्यांना दाखवला. पूर्वी मशिदीत फक्त पाहुणे म्हणून येणारी ही पोरं, या वेळी पातेलं उचलून गेली.

दुसऱ्या दिवशी, मंगळवार, आठच पुरुष. हे पण लिहायलाच हवं. वर्किंग डे, सगळ्यांनी सोमवारची रजा टाकलेली, दोन दिवस रजा कोण देतं. फोन केले, कोणी पनवेलहून निघतो म्हणाले पण पोचेपर्यंत दुपार. तोरा नाही निघाली. काका व्हिडिओवर होते (सणाच्या दिवशी फोन चालू ठेवावा की नाही यावर पण कुजबुज झाली, मी चालू ठेवला), ते काही बोलले नाहीत.

आणि मग योम किप्पूर, आमचा दारफळणीचा सण, ५ ऑक्टोबर, दसरा. सार्वजनिक सुट्टी! हे आम्ही प्लॅन केलेलं नव्हतं, तिश्रीची दहावी आणि अश्विनाची दशमी एका दिवशी आली एवढंच, पण त्यामुळे एकूण ३४ माणसं, त्यात १९ पुरुष. दिवसभर उपास, पांढरे कपडे, आणि संध्याकाळी नेइलाच्या, म्हणजे शेवटच्या प्रार्थनेच्या, वेळी हेखालाचे दरवाजे उघडे. काकांना दुपारी पुतण्याच्या गाडीतून आणलं, मागची सीट पाडून, वॉकरवर. ते आत आले तेव्हा कोणी उठून काही केलं नाही कारण प्रार्थना चालू होती, फक्त जागा करून दिली. त्यांनी बसल्या बसल्या पहिलं काय केलं असेल तर डोकी मोजली. ओठ हलताना मला बायकांच्या बाजूने दिसत होते.

नंतर काय बसवलं

नोव्हेंबरमध्ये जनरल बॉडी घेतली. काकांना सल्लागार करावं असा ठराव आला होता, ते म्हणाले सल्लागार म्हणजे काढून टाकलेला माणूस, मला नको. खरंच होतं ते. मग कोणीतरी म्हणालं, आपल्याकडे मुकादम होता ना पूर्वी. तर काका आता मुकादम आहेत, ट्रस्टच्या कागदावर नाही, मशिदीत. त्यांचं काम एकच, वही. बाकी काम तोडून पाच जणांत वाटलं, पैसे, इमारत, हज्जान आणि प्रार्थना, पोलीस आणि सरकारी कागद, स्वयंपाक आणि राहणं. प्रत्येकाबरोबर एक जोडीदार, आणि जोडीदारानं वर्षातून एक सण एकट्यानं काढून दाखवायचा, मुख्य माणसानं त्या दिवशी फक्त येऊन बसायचं. हे सुरुवातीला कोणालाच जमलं नाही, मुख्य माणूस सारखा उठायचा. मुदत तीन वर्षं, सलग दोनदाच.

कागदपत्रांना सगळ्यात जास्त वेळ गेला. उशीरमाफीच्या अर्जासकट जुने चेंज रिपोर्ट, मृत्यूचे दाखले, अश्दोदहून राजीनामा, तिथून तो नोटरी करून यायला दोन महिने, सगळं धरून सव्वा वर्ष लागलं तेव्हा कुठे बँकेतल्या सह्या बदलल्या. तोपर्यंत ज्यानं खिशातून भरले त्याचे पैसे अडकले, आणि एका कुटुंबाशी यावरून कटुता आली ती अजून पूर्ण गेलेली नाही. तेव्हा हे वाचणाऱ्या कोणी कमिटीत असाल तर बाकी सगळं नंतर करा, आधी पीटीआरचा उतारा काढून त्यावर कोणाची नावं आहेत ते बघा.

मावशींना आता ट्रस्टकडून रीतसर पगार आहे, पूर्वी काका स्वतःच्या पेन्शनमधून द्यायचे. हेही आम्हाला तेव्हाच कळलं.

वहीची एक प्रत शीटमध्ये आहे, पण फक्त नावं आणि तारखा. शेरे नाहीत. शेरे माझ्या भाचीला आणि त्या ऐरोलीच्या मुलाला तोंडी येतात, ती दोघं दर रविवारी काकांकडे जाऊन बसतात. भाची अजून मिन्यानमध्ये धरली जात नाही पण मिन्यान जमवते तीच, आणि ह्यातला सल तिनं मला एकदा बोलून दाखवला तेव्हा मी तिला धीर द्यायचा प्रयत्न केला नाही.

न सुटलेली गोष्ट म्हणजे रोश हशानाचा दुसरा दिवस. २०२४ ला सण गुरुवार-शुक्रवार आणि लागून शब्बाथ, शिवाय आदल्या दिवशी २ ऑक्टोबरची सुट्टी, लोक चार दिवस राहूनच गेले, दुसऱ्या दिवशी १२ पुरुष होते. २०२५ ला मंगळवार-बुधवार, परत आठ. यंदा २०२६ ला १२ आणि १३ सप्टेंबर, शनिवार-रविवार, म्हणजे रजेचा प्रश्न नाही, पण १४ ला गणेश चतुर्थी आहे, शुक्रवारी दुपारनंतर हायवे हलणार नाही आणि सूर्य मावळायच्या आत पोचायचंय. काकांचं म्हणणं गुरुवारी रात्रीच निघा, मागच्या खोल्यांत वीस अंथरुणं होतात. त्यांनी फोन सुरू पण केलेत, डोंबिवलीपासून.